जाम नटाशी भांडू नये

कवितेवर बोलायला मला अधूनमधून बोलावणं येतं. आज मात्र मी नटावर बोलणार आहे. नाटकातल्या नव्हे, तर गाडीखालच्या, गंजून बसलेल्या आणि पान्याला दाद न देणाऱ्या नटावर. कवीला यातलं काय कळतं, असं कुणी म्हणेल. तर सांगतो. भिंगारला माझ्या मामूचं गॅरेज होतं. १९८६ पासून पुढची चार-पाच वर्षं, म्हणजे मी बी.ए. होईपर्यंत, कॉलेज सुटलं की माझी संध्याकाळ तिथंच जायची. मराठीचं पुस्तक टूलबॉक्सवर आणि मी गाडीखाली, असा तो काळ होता.

भिंगार हे छावणीचं गाव. शेजारी रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र, नगरलाच डीआरडीओची वाहन संशोधन आणि विकास संस्था. त्यामुळे चाकांचा आवाज आमच्या कानांना लहानपणापासून ओळखीचा. मामूकडे जुन्या जीपगाड्या यायच्या, पाथर्डीकडचे टेम्पो यायचे आणि नव्यानं घेतलेल्या छोट्या मोटारीही यायच्या. मामू फार शिकलेला नव्हता. पण लोखंड कधी ऐकतं आणि कधी ऐकत नाही, हे त्याला नेमकं कळायचं.

हे सगळं आठवायचं कारण गेल्या पावसाळ्यानंतर घडलं. पाथर्डीहून नगरला येताना करंजी घाटात मी ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली. गतिरोधकावरून जाताना पुढून ‘टक’ असा आवाज तर महिनाभर येतच होता. मी तो ऐकून न ऐकल्यासारखा करत होतो. घाटात मात्र शेजारी नात बसलेली होती, समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी आपल्या मनानं चाललेली. घरी पोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी मामूच्या नातवाकडे नेली. मामू आता नाही. गॅरेज हा पोरगा चालवतो. मला चाचा म्हणतो.

त्यानं गाडी वर घेतली, पुढच्या चाकामागच्या आर्मला टॉमी लावून हलवलं आणि म्हणाला, “चाचा, बुश गेलेत.”

आता हे बुश म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा जो लोखंडी हात असतो, त्याला गॅरेजमध्ये आर्म म्हणतात. रस्त्यातल्या खड्ड्यांप्रमाणे हा हात वर-खाली व्हावा लागतो. तो जिथं सांगाड्याला जोडलेला असतो, तिथं बुश बसवलेला असतो. एकात एक घातलेल्या दोन लोखंडी नळ्या आणि त्यांच्यामध्ये घट्ट चिकटवलेलं रबर, एवढीच त्याची रचना. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि नट आवळला की ती आतली नळी सांगाड्याला पक्की धरली जाते. म्हणजे चाक वर-खाली होतं तेव्हा नळी बोल्टाभोवती फिरत नाही, मधलं रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. आपल्या गुडघ्यात कूर्चा जे काम करते, तेच काम हे रबर करतं. आणि गुडघ्यासारखंच तेही वयानं झिजतं. त्याला चिरा पडतात, ते नळीपासून सुटतं. मग ब्रेक दाबला की आर्म थोडा मागं सरकतो, चाकाची दिशा बदलते आणि गाडी ओढते. टायर एका बाजूनं झिजतो तो वेगळाच.

बुश ही महागडी वस्तू नाही. ती बदलायचं काम कागदावर तर फारच सोपं आहे. नट सोडा, बोल्ट काढा, आर्म खाली घ्या, जुना बुश प्रेसवर दाबून काढा, नवा बसवा. अडतं ते पहिल्या दोन शब्दांवर, नट सोडा. दहा-बारा वर्षं गाडीच्या पोटाखाली बसलेला तो नट सुटत नाही.

माझ्या गाडीचाही सुटला नाही. पोरानं गोटी पाना लावला, जोर दिला. नट हलेना. मग तो कोपऱ्यातला तीन फुटी पाइप घेऊन आला. मी म्हटलं, “थांब. पाइप ठेव खाली.”

तो हसला. “चाचा, तुम्हाला संध्याकाळी गाडी पाहिजे ना?”

या एका वाक्यानं मी पस्तीस-चाळीस वर्षं मागं गेलो. ते १९८८ साल असावं. लग्नाला जायचं म्हणून एका गिऱ्हाइकानं दुपारी गाडी आणून सोडली होती. संध्याकाळपर्यंत काहीही करून पाहिजे, असा त्याचा धोशा. मामू आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला. गाडी नुसत्या जॅकवर होती. पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा तिच्याखाली आडवा पडून असाच एक जाम नट सोडत होता. पान्याला पाइप लावलेला. त्यानं पाय टेकवून जोरात हिसडा दिला आणि पूर्ण गाडी बाजूला झुकून जॅकवरून उतरली.

पोरगा वाचला, त्याचं कारण एकच. काढलेलं चाक नेहमी गाडीच्या खाली, सांगाड्याच्या कडेला आडवं सरकवून ठेवायचं, असा मामूचा नियम होता. गाडी त्या चाकावर येऊन टेकली. पोराच्या मनगटाचं हाड मोडलं, छाती मात्र सलामत राहिली. त्या रात्री मामू जेवला नाही. तो पोराला काही बोलला नाही, गिऱ्हाइकालाही नाही. मला एवढंच म्हणाला, “घाई त्याची होती, पण हो मी म्हटलं.”

तेव्हा नट कसा सोडावा हे सांगण्याआधी पहिली गोष्ट हीच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नव्हे. जमीन सपाट हवी, जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे हवेत, सांगाड्याखाली भक्कम लोखंडी स्टँड हवेत आणि काढलेलं चाक खाली सरकवलेलं हवं. शिवाय काही गाड्यांत आर्मवर स्प्रिंगचा दाब असतो. आर्मला खालून आधार न देता बोल्ट काढला, तर स्प्रिंग उसळून बाहेर येते. घरच्या घरी हे काम करायची ज्यांना हौस आहे, त्यांनी हे विसरू नये.

आता नट जाम का होतो ते पाहू. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो, हे आपण शाळेत शिकलो. पण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, हे सहसा कुणी सांगत नाही. जेवढं लोखंड गंजलं, त्याच्या दुप्पट ते सहापट जागा गंजाला लागते. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये मुळात जागा किती? अगदी फटीएवढी. त्या फटीत गंज फुगतो आणि दोन्हींच्या मध्ये पाचर मारल्यासारखा बसतो. म्हणजे आपण समजतो की नट फार आवळलेला आहे. तसं नसतं, त्याच्या आत भर पडलेली असते.

नगर जिल्हा तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, इथली हवा कोरडी. मग इथं गंज कुठून येतो? फटीत शिरलेलं पाणी लवकर सुकत नाही, हे त्याचं उत्तर. पावसाळ्याचा चिखल आणि सर्व्हिसिंगच्या वेळी फवाऱ्यानं मारलेलं पाणी आत ओढलं जातं आणि तिथंच राहतं. कोकणातून आलेल्या गाड्यांची अवस्था आणखी वाईट असते, कारण खारी हवा गंजाला मदत करते. ज्या देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या मेकॅनिकांचं अर्धं आयुष्य असे नट सोडण्यात जात असेल.

बुशाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. पुष्कळदा नट सुटतो, पण बोल्ट बाहेर येत नाही. कारण तो बुशाच्या आतल्या नळीलाच गंजानं चिकटलेला असतो. पाना फिरवला की बोल्ट थोडा फिरतो आणि रबरासारखा परत मागं येतो. असं झालं की समजावं, दोष आट्यांत नाही, नळीत आहे. तिथं कितीही जोर लावला तरी तो रबरच खाऊन टाकतं.

मग करायचं काय? मामूची रीत सांगतो. तिच्यात नवं काही नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे.

पहिल्यांदा तारेच्या ब्रशनं बोल्टाचे बाहेर दिसणारे आटे घासून स्वच्छ करायचे. नट बाहेर येताना याच आट्यांवरून येणार आहे. वाटेत चिखल आणि गंज असेल तर सुटलेला नटही अर्ध्यात अडकतो.

मग तेल. मामू रॉकेलमध्ये इंजिन ऑइल मिसळून वापरायचा. आता डब्यातले फवारे मिळतात. त्यांतला जो सगळ्यांना ठाऊक आहे, तो डब्ल्यूडी-४० अमेरिकेत १९५३ साली तयार झाला. पाणी हटवणारं द्रव्य बनवायचं होतं, ते चाळिसाव्या प्रयत्नात जमलं, म्हणून नावात ४०. जाम नटांसाठी मुद्दाम केलेली, फटीत झिरपणारी तेलंही बाजारात आहेत. कुठलंही वापरा, पण मारलं आणि लगेच पाना लावला, असं करू नका. तेलाला आत जायला वेळ लागतो. संध्याकाळी मारावं, तासाभरानं परत मारावं आणि रात्रभर सोडावं. मधूनमधून नटाच्या बाजूंवर हातोडीनं हलके ठोके द्यावेत. त्या हादऱ्यानं गंजाला चिरा पडतात आणि तेल चिरांतून आत उतरतं. आट्यांच्या टोकावर मात्र मारू नये, ते चेपले तर नट कधीच यायचा नाही.

तेलानं एवढा फरक का पडतो? आपण नट आवळताना जो जोर लावतो, त्यातला साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणून दोन वस्तू घट्ट धरायच्या कामी येतो. बाकी सगळा आट्यांच्या आणि नटाच्या बुडाच्या घर्षणात जातो. म्हणजे आपली खरी लढाई घर्षणाशी आहे आणि घर्षण तेलानं कमी होतं, मनगटानं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाना. इथंही घोटाळे होतात. मामूच्या काळी जीपचे नट इंचांत असायचे आणि नव्या छोट्या मोटारींचे मिलिमीटरमध्ये. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो, पण सैल बसतो. नट सुटणारा असेल तर चालून जातं. जाम असेल तर पाना घसरतो, नटाचे कोपरे झिजतात आणि षट्कोनी नट गोल होतो. मग तो धरायचा कशानं? म्हणून नेमक्या मापाची, सहा कोनांची गोटी घ्यावी आणि ती पूर्ण खोल बसवावी. मागचं बोल्टाचं डोकं दुसऱ्या पान्यानं धरून ठेवावं. आणि पाना ढकलू नये, आपल्याकडे ओढावा. ढकलताना सुटला तर बोटांची सालटं निघतात. माझ्या उजव्या हातावर त्याची खूण अजून आहे.

आता मामूची खरी युक्ती. नट सोडायच्या आधी तो किंचित आवळायचा. केसभर, जास्त नाही. ऐकायला उलटं वाटतं. पण आपल्याला आधी फक्त गंजाची पकड मोडायची असते, ती कुठल्याही दिशेनं मोडली तरी चालते. ‘कट्’ असा बारीक आवाज आला की मग उलट फिरवायचं. नट सुटायला लागला आणि पुढं पुन्हा जड झाला, तर तिथंच थांबायचं. पाव फेरा परत आत न्यायचा, तेल घालायचं आणि पुन्हा बाहेर आणायचा. दोन पावलं पुढं, एक पाऊल मागं. जो सरळ ओढत राहतो, त्याचा बोल्ट तुटतो.

लांब पाइप लावूच नये असं नाही. पण एक फुटाच्या पान्याऐवजी तीन फुटांचा पाइप लावला की तेवढ्याच जोरात बोल्टाला तिप्पट पीळ बसतो आणि ते हाताला कळत नाही. काही गाड्यांत नट आतल्या बाजूनं सांगाड्यालाच वेल्डिंग करून बसवलेला असतो. तो जर जोरानं निखळला, तर आत फिरत राहतो आणि सांगाड्याचा पत्रा कापून काढावा लागतो. दोनशे-तीनशे रुपयांचं काम काही हजारांवर जातं. म्हणून आधी वाकून पाहावं की नट सुटा आहे की चिकटवलेला.

हल्ली बॅटरीवर चालणाऱ्या बंदुकीसारख्या पान्यांनी हे काम पुष्कळ सोपं झालंय. ते सलग पीळ देत नाहीत, सेकंदाला कितीतरी छोटे छोटे ठोके देतात. मामू हातोडीनं करायचा तेच. पण तेल मुरलेलं नसेल, तर त्या ठोक्यांनीही बारीक बोल्ट तुटतोच.

एवढं करून नाही सुटला, तर उष्णता. तापलं की लोखंड प्रसरण पावतं. १४ मिलिमीटरचं भोक ३०० अंशांनी तापवलं, तर साधारण ०.०५ मिलिमीटरनं मोठं होतं. बारीक केसाच्या जाडीएवढं. पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. नट तापून मोठा व्हावा आणि बोल्ट थंड राहावा, हा त्यातला मुद्दा. नट तापल्यावर मामू आट्यांपाशी मेणबत्ती टेकवायचा. मेण वितळून आत ओढलं जायचं आणि तेलाचं काम करायचं.

हे मात्र घरी करू नका. रबर पेटतं, त्याचा धूर वाईट. जवळच ब्रेकची नळी असते, पेट्रोलची असते, शॉकअब्सॉर्बर असतो, जो तापून फुटू शकतो. आणि ज्या नटावर रात्रभर तेल मारलंय, त्याच्याजवळ ज्योत नेणं म्हणजे आगीला आवतण. आधी सगळं पुसून कोरडं करणं, पाण्याची बादली आणि वाळू जवळ ठेवणं, हे ज्याला सवयीनं जमतं त्याचंच ते काम.

शेवटचा उपाय कापण्याचा. नटावर छन्नी मारून तो फोडायचा. बोल्ट नळीत चिकटला असेल, तर बुश आणि सांगाड्याच्या मधल्या फटीतून दोन्ही बाजूंनी कापून आर्म मोकळा करायचा. पुष्कळ मेकॅनिकांना यात हार वाटते. तसं काही नाही. नट-बोल्ट स्वस्त असतो, आर्म महाग असतो आणि माणूस सगळ्यात महाग. कशाला वाचवायचं आणि कशाला जाऊ द्यायचं, हे आधी ठरवलं की कापणं सोपं जातं.

बसवतानाही दोन गोष्टी पाळल्या, तर पुढच्या वेळी ही वेळ येत नाही. याच नगरात १५४९ साली ओतलेली मुलूखमैदान तोफ आज विजापूरला आहे. पावणेपाचशे वर्षं झाली, पण ती तांब्या-कथलाच्या मिश्रणाची असल्यानं लोखंडासारखा पापुद्र्यांचा गंज तिला चढत नाही. तांब्याचा हाच गुण वापरून, त्याची बारीक पूड घातलेलं एक ग्रीस मिळतं. बोल्टाच्या गुळगुळीत भागावर, म्हणजे नळीत जाणाऱ्या भागावर, त्याचा पातळ हात द्यावा. आट्यांवर मात्र कंपनीच्या पुस्तकात सांगितलं असेल तरच. घर्षणाचा हिशेब मघाशी सांगितला. आटे ओशट असले तर तेवढ्याच जोरात बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. जुना नट प्लॅस्टिकच्या कड्याचा असेल तर तो फेकून नवाच घ्यावा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बुशाचा नट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, तिचं वजन चाकांवर आल्यावर. चाकं लोंबकळत असताना आवळला, तर गाडी खाली घेताच रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. असा बुश वेळेआधीच फाटतो. पुष्कळ ठिकाणी ही घाई होते. मग गिऱ्हाईक म्हणतं, माल खराब होता.

तर माझ्या गाडीचं काय झालं? पोरानं पाइप कोपऱ्यात ठेवला. घासून, तेल मारून, ठोके देऊन मी रिक्षानं घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला त्याचा फोन आला. तीन नट पान्यानं सुटले होते. चौथा बोल्ट नळीत बसला होता, तो कापला. दुपारी गाडी मिळाली. त्या रविवारी करंजी घाटात मी मुद्दाम एका मोकळ्या सरळ जागी ब्रेक दाबून पाहिला. गाडी सरळ उभी राहिली.

त्यानं मजुरी एका दिवसाचीच सांगितली होती. मी दोन दिवसांची दिली. तो घेईना. म्हणाला, “चाचा, दुसऱ्या दिवशी काम थोडंच होतं.” मी म्हटलं, “काम तेलानं केलं, पण जागा तर तुझी अडली.”

तुम्हा सगळ्यांना सांगायचं ते इतकंच. आपल्यापैकी फार थोडे लोक स्वतः गाडीखाली जातात. बाकी आपण सगळे गॅरेजच्या दारात उभे राहून घड्याळ बघणारे. तेव्हा पुढच्या वेळी मेकॅनिक म्हणाला की नट जाम आहे, उद्या या, तर त्याला टाळाटाळ समजू नका. गाडी स्टँडवर घेतली आहे का, एवढं विचारा आणि रिक्षा करून घरी जा. जाम नट सोडायला पाना लागतो, तेल लागतं, कधी आग लागते. हे सगळं त्याच्याकडे असतं. एक रात्र मात्र आपणच त्याला द्यायची असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)